बिनखवल्यांच्या मादीची कात

आमच्या घरात अमावस्येला दाढी करणारा मी एकटाच. मांजर आडवं गेलं तर मी उलट हॉर्न वाजवतो. त्यामुळे असलं काही लिहायची वेळ माझ्यावर येईल असं कधी वाटलं नव्हतं... पण आता मनात ठेवणं जमेना. हसायचं त्यांनी खुशाल हसा.

२००८-०९ च्या सुमाराची गोष्ट. मी कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका फौंड्रीत होतो, राहायला राजारामपुरीत, दुसऱ्या मजल्यावर. मला सापांचा नाद. आतल्या खोलीत काचेच्या पेट्यांत कॉर्न स्नेकची जोडी होती. परदेशी साप, बिनविषारी, अगदी गरीब जनावर. पण माझी जोडी जन्मतःच बिनखवल्यांची होती. पोटाखालच्या पट्ट्या सोडल्या तर अंगावर एक खवला नाही, हाताला कानाच्या पाळीसारखी मऊ. परदेशातून आलेल्या एका हौशी मित्राकडून मिळाली होती. मादीच्या पोटात अंडी होती आणि मी पिल्लांची स्वप्नं बघत होतो.

बायको वैशालीचेही दिवस भरत आले होते. माहेर चंदगडकडचं. तिकडच्या पावसात दवाखाना गाठायचा म्हणजे दिव्य, म्हणून सासूबाईच आमच्याकडे आल्या. येताना धुऊन धुऊन विरलेलं एक लुगडं घेऊन आल्या. तान्ह्या बाळाला नवं कापड घालत नाहीत ना, म्हणून त्याची दुपटी फाडत बसल्या होत्या. इकडे मादीची कातडी पेटीतल्या वर्तमानपत्रावर घासून लाल झालेली. मी त्या लुगड्यातला एक तुकडा उचलला आणि तिच्या पेटीत अंथरला. कुणाला सांगितलं नाही, सांगण्यासारखं काही वाटलंच नाही.

मुलगी झाली. पण डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. तिच्या अख्ख्या अंगावर ताणलेला, चकाकणारा पापुद्रा होता, आणि त्याला भेगा पडत होत्या. पापण्या ओढल्या गेलेल्या. तिला काचेच्या पेटीत ठेवलं. डॉक्टर म्हणाले, कधी कधी हा पापुद्रा गळतो आणि आत चांगली त्वचा निघते, कधी मात्र जन्मभर खवले राहतात. आत्ताच काही सांगता येत नाही.

खवले! तो शब्द डोक्यातून जाईना. साप पाळल्याचं फळ म्हणून नातेवाईक कुजबुजत होतेच. दवाखान्याच्या जिन्यात मी माझ्या सख्ख्या आत्याला नको ते बोललो. पण खरं सांगतो, आतून मीही टरकलो होतो.

सासूबाई डबा करायला घरी आल्या आणि पहिल्यांदाच सापांच्या खोलीत गेल्या. पेटीतलं लुगडं त्यांनी बघितलं. आता आपली खैर नाही, असं मला वाटलं. काढतो म्हणून मी पुढे झालो, तर त्यांनी हात आडवा घातला.

"ऱ्हाऊ द्या जावईबापू. उघडं जनावर हाय. पांघरूण दिल्यालं काढून घेऊ न्हाय."

पुढे मादीचे डोळे दुधाळ झाले. कात टाकायच्या आधी होतातच. एका सकाळी दवाखान्यात निघता निघता डोकावलो, तर लुगड्यावर कात पडलेली. तिची कात नेहमी साध्या प्लास्टिकच्या कागदासारखी निघायची. सवयीनं उचलून खिडकीशी धरली आणि पुन्हा नीट बघितली...

कातीवर खवले होते. मानेपासून शेपटीपर्यंत, ओळीनं, स्पष्ट. पेटीला कुलूप, किल्ली माझ्या खिशात. घरात खवल्यांचा साप नव्हताच. मादी आत तशीच उघडी, गुळगुळीत.

तेवढ्यात फोन वाजला. वैशाली. रडत होती. मी वाईट तेच धरून चाललो.

"अहो... पाठीवरचं सगळं निघालं. सिस्टर पुसत होत्या, अख्खं सुटून आलं. आतली कातडी चांगली हाय हो."

मी फरशीवर बसलो आणि ओक्साबोक्शी रडलो. कात हातातच होती.

मुलीचं कारण डॉक्टरांनी सांगितलं, आजाराचं नावही सांगितलं. ते मला शंभर टक्के मान्य आहे. कातीचं काय? कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या मित्राला दाखवली. त्यानं ती भिजवून पसरली आणि म्हणाला, कॉर्नचीच आहे, चांगल्या खवल्यांच्या सापाची, कुणाचा? मी त्याला घरी नेलं. त्यानं मादीच्या अंगावरून बोट फिरवलं आणि पेटीचं कुलूप दोनदा ओढून बघितलं. मादीनं घातलेली अंडी सगळी नासली.

पुढे मी जोडी देऊन टाकायची ठरवली. पुण्याचा एक जण न्यायला आलाही. ज्या वैशालीनं कधी त्या पेटीकडे बघितलं नव्हतं, ती दारात आडवी उभी राहिली.

"नर न्या. ही द्यायची न्हाय. आमच्या पोरीचं काय घेऊन बसलीया, कुणाला म्हाईत."

मुलगी आता शाळेत जाते. कातडी लख्ख आहे. मादीच्या नंतरच्या सगळ्या काती साध्याच निघाल्या. मला याचं उत्तर आजही सापडलेलं नाही, आणि कुणी हसून उत्तर दिलं तरी मी ऐकून घेईन.

पण मादी आता म्हातारी झालीय. गेल्या महिन्यापासून उंदीर तोंडाजवळ धरला तरी खात नाही. मुलीची आंघोळ झाली की वैशाली मला हाक मारते. दोघं मिळून तिची पाठ उजेडात धरून बघतो. काय बघताय म्हणून ती विचारते, आणि आम्ही साबण राहिला होता म्हणून सांगतो.