खात्रीकाकांची चार रोपं

नारळ घेताना तो कानाशी धरून सगळेच हलवतात. काका तो तिथेच फोडायला लावायचे, पाणी पिऊन बघायचे, आणि दुसरा घेताना पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे. वजनमाप खात्यात निरीक्षक होते ते. निवृत्त होऊन वीसेक वर्षं झाली होती, तरी बाजारात काका दिसले की चार तराजू आपोआप सरळ व्हायचे. आमच्या मराठी मंडळात त्यांना खात्रीकाका म्हणत, कारण कुणी काहीही सांगितलं तरी त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा: "खात्री केली का?"

त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या म्हैसूरचं. मराठी बोलत, पण त्यात कन्नड इतकं मिसळलेलं की मला, नाशिकहून म्हैसूरच्या हिनकल भागातल्या फ्लॅटमध्ये नव्यानं आलेल्या बाईला, सुरुवातीला निम्मंच कळायचं. मी पहिल्यांदा हळदीकुंकवाला काकूंना फोनवर बोलावलं, तर पाच मिनिटांत काकांचा माझ्या नवऱ्याला फोन: "तुमच्या घरून खरंच बोलावणं आलंय, अलवा, हो ना?" मला असा राग आला होता! पुढे मी मंडळाची सचिव झाले आणि तो राग रोजचाच झाला.

गणपतीच्या वर्गणीतून एक भाग जंगलासाठी द्यावा, ही कल्पना माझीच. सरगूरच्या पलीकडे जंगलाच्या कडेला एक आदिवासी वस्ती आहे, तिकडे अशा वस्तीला हाडी म्हणतात. तिथल्या बायका गावच्या उजाड टेकडीवर जांभूळ, आवळा, बेहडा अशी तिथलीच झाडं लावून वाढवतात. पैसे लागतात ते मुख्यतः उन्हाळ्याआधी. टेकडीभोवती गवत कापून, पाला झाडून रुंद मोकळा पट्टा करावा लागतो, म्हणजे वणवा आला तर तिथे अडतो. त्याला जाळरेषा म्हणतात. ते काम दोन-तीन आठवड्यांचं असतं, आणि त्या दिवसांत दुसऱ्याच्या शेतावरची मजुरी बुडते, ती देणग्यांतून भरून काढायची. सभेत मी हे सगळं रंगवून सांगितलं. टाळ्याही पडल्या.

काका उठले. "सुम्ने, उगाच फोटो काढतात गं. फांदी तोडायची, मातीत खोचायची, शेजारी फलक लावायचा, आयितु, झालं काम. तू बघून आलीस?" मी गेले नव्हते. मला कुणीतरी सांगितलं होतं. तेव्हा ठरलं की काकांनी आणि मी जाऊन बघायचं.

बसच्या पाटीवर सरगूर लिहिलं होतं, तरी काकांनी ड्रायव्हरला विचारलं, मग कंडक्टरला विचारलं. टेकडीवर पोचलो तर रोपं खरोखरच होती, गुडघ्याएवढी, रांगा न करता लावलेली. मी काकांकडे विजयाने बघितलं. ते वाकले आणि त्यांनी एक रोप उपटलं. खाली मुळं होती. मग चार पावलं पुढे जाऊन दुसरं उपटलं. मी "काका, अहो काका" म्हणेपर्यंत चार झाली. चारही मुळं त्यांनी चष्मा वर करून नीट पाहिली आणि समाधानाने मान डोलावली.

वरून एक बाई खाली येत होती. मादम्मा, त्या बायकांची म्होरकी. ती ओरडली वगैरे नाही. तिनं काकांच्या हातातली रोपं घेतली आणि कन्नडमध्ये काहीतरी म्हणाली. माझं कन्नड तेव्हा भाजीबाजारापुरतं होतं, म्हणून काकांनीच मला ते मराठीत सांगितलं, स्वतःबद्दलचं असूनही एक शब्द न वगळता: "ती म्हणते, मुळं बघितलीस ना, आता झाड दाखव."

आणखीही बरंच बोलली. देणगी देणारे इथे खूप येऊन गेले म्हणाली. रोपं लावून, फोटो काढून जे जातात ते पुन्हा तोंड दाखवत नाहीत. तुम्ही पहिलेच, ज्यांनी लावायच्या आधी उपटलं. पैसे द्यायचे तर द्या, पण मला तुमच्यावर भरवसा नाही. काकांनी हेही सगळं भाषांतर करून सांगितलं. परत आल्यावर ते सभेत एवढंच म्हणाले, "मुळं आहेत. पैसे द्या." चार रोपांबद्दल ते बोलले नाहीत, आणि मीही मोठेपणा दाखवून बोलले नाही.

पुढे एक गंमत सुरू झाली. म्हणजे तेव्हा ती गंमत वाटली नाही. दर दुसऱ्या रविवारी काका गायब व्हायला लागले. काकूंना विचारलं तर "गेलेत कुठंतरी" एवढंच. सोमवारी चपलांना लाल माती. एकदा छत्रीच्या पिशवीतून कोयत्याची मूठ डोकावताना मी स्वतः पाहिली. मग मंडळात कुणीतरी सांगितलं की काका सरगूरच्या हॉटेलात एका जमिनीच्या दलालाबरोबर चहा पीत होते. झालं. माझ्या मनात पाल चुकचुकली. आपल्या देणगीच्या नावाखाली हे तिकडे जमीन तर बघत नाहीत? एवढा संशयी माणूस एकदम "पैसे द्या" म्हणाला तो का?

मी त्यांना सरळ विचारलं, हे तरी माझ्या बाजूनं सांगते. दुखावले असतील तर दिसलं नाही. म्हणाले, "संशय आलाय तर जाऊन नोड की, डोळ्यांनी बघ. मी सांगितलेलं कशाला ऐकतेस?" मला वाटलं, टाळतात. कुठेतरी पाणी मुरतंय हे माझं पक्कं झालं.

त्या वर्षीचे पैसे पाठवायला माझी सही हवी होती. मी ती अडवून धरली. आधी बघून येते, म्हणाले. मग मुलीची परीक्षा आली, सासूबाई आल्या, एक रविवार पाहुण्यांत गेला, एक आळसात. जानेवारी संपला.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात काकांच्या छातीत दुखलं आणि त्यांना दवाखान्यात ठेवलं. मी भेटायला गेले तर ते पडून होते, चेहरा उतरलेला. माझी चौकशी नाही, स्वतःची तक्रार नाही. म्हणाले, "गवत वाळलं असेल आता. पैसे पोचले का गं सरगूरला?"

मी म्हणाले, "हो काका, पोचले."

कसं निघून गेलं तोंडातून, कोण जाणे. आजारी माणसासमोर दुसरं काय बोलणार, असं मी नंतर स्वतःला समजावलं. तेव्हा मात्र मी वाट बघत होते, आता विचारतील, कधी पाठवले, कुणाच्या हातात दिले, पावती कुठे. त्यांनी काहीच विचारलं नाही. "बरं झालं," म्हणाले, आणि कुशीवर वळून झोपले.

मला रात्रभर झोप नाही. सकाळी सही केली, पैसे पाठवले आणि बँकेतून तशीच सरगूरच्या बसमध्ये बसले. टेकडीखाली दहा-बारा बायका रांगेनं गवत कापत होत्या. रुंद, स्वच्छ पट्टा अर्ध्या टेकडीला वळसा घालून गेला होता. मी मादम्माला माझ्या मोडक्या कन्नडमध्ये विचारलं, पैसे तर आज आले, मग हे कधीपासून? ती म्हणाली, आठ दिवस झाले. काका म्हणाले होते पैसे येतील, म्हणून शेतावरची मजुरी सोडून लागलो.

मग तिनं मला वर नेऊन चार रोपं दाखवली. भोवती दगडांची आळी, वर वाळक्या काट्यांचं कुंपण. तीच अट घातली होती म्हणे तिनं, चार मारलीस तर चार जगव. काका दर दुसऱ्या रविवारी यायचे, ओढ्यावरून पाणी वाहायचे, आणि ते झालं की बाकीच्यांबरोबर तण काढायला बसायचे. तो दलाल कोण, मी विचारलं. ती हसली. दलालबिलाल कुणी नाही, तो तिचा भाऊ, टेकडीपर्यंत टेम्पो आणणारा.

"तुला एवढा उशीर का झाला?" तिनं विचारलं. मी म्हणाले, खात्री करत होते. कशाची, ते तिनं विचारलं नाही. निघताना म्हणाली, "काकांना सांग, परवा रेषा ओढ्यापर्यंत पोचेल. त्यांनी काळजी करू नये."

बसमध्ये मी सगळं जुळवून ठेवलं. आधी हा निरोप सांगायचा, ते खूश होतील, मग त्या खुशीतच कबूल करून टाकायचं की काका, मी तुमच्याशी खोटं बोलले होते, पैसे आज पाठवले. ते चिडतील, चिडू देत.

वाटेत कोटे गावाच्या पुढे काकूंचा फोन आला. काका दुपारीच गेले होते. शेवटी शुद्धीवर होते का, मी विचारलं. होते, म्हणाल्या. "सकाळी डॉक्टरांना पण सांगत होते, आमचे पैसे सरगूरला पोचले म्हणून."