आधी शिक्का पाहणारे भाऊ

हातात पत्र आलं की भाऊ ते आधी उलटं धरायचे. "मजकूर पयले वाचू नये," म्हणायचे. "कुठून निघालं ते पाहावं. शिक्का पाहा."

आयुष्यभर त्यांनी पोस्टाची पिशवी वाहिली. निवृत्त होऊन गडचांदूरला आले, तेव्हा मी तिथल्या वाचनालयात कामाला होतो. रोज दहाला येत, सगळी वर्तमानपत्रं वाचत. मग आमच्याकडे संगणक आला आणि भाऊंना नवं पोस्ट सापडलं. दुसऱ्याचं पत्र मात्र कधी वाचलं नाही. मागे उभे राहून इतकंच विचारत, "कोनाचं हाये?"

जिवतीकडची एक मुलगी दर बाजाराच्या दिवशी ई-मेल पाहायला येई. चंद्रपूरच्या एका संस्थेत तिनं नर्सिंगसाठी अर्ज केला होता. त्या दिवशी तिचा चेहरा फुलला. निवड झाली होती म्हणे. फक्त आपल्या ई-मेलचा पासवर्ड संध्याकाळच्या आत कळवायचा, नाहीतर जागा दुसऱ्याला जाणार.

ती टाइप करू लागली तसे भाऊ उठले. "थांब बाई. धाडणाऱ्याचा पत्ता दाखव."

तिच्याजवळच्या संस्थेच्या छापील माहितीपत्रकावरचा ई-मेल पत्ता त्यांनी पडद्याशेजारी धरला. दोन्हींचा काही संबंध नव्हता.

"पन भाऊ, वर त्यायचं चिन्ह हाये नं."

"चिन्ह कोनीबी छापते. मी तं खाकी कपडे पाहून फसलो."

मग त्यांनी सांगितलं. एटापल्लीच्या रस्त्यावर एका खाकीवाल्यानं त्यांना अडवलं होतं. साहेबांनी पाठवलंय, घाई आहे, पिशवी द्या. भाऊंनी दिली. दोन दिवसांनी ती नाल्यात सापडली. अंगणात खाटेवर त्यांनी एकेक पत्र वाळवलं. एकावरची शाई पार गेली होती. ते नोकरीचं बोलावणं होतं, हे नंतर कळलं.

"त्या घरी सांगाले गेलो," भाऊ म्हणाले, "तं त्यायनं मले प्याले पानी देल्लं. शिव्या देल्या असत्या तं बरं झालं असतं."

मुलगी रडवेली झाली. "अन हे खरं असन तं? जागा जाईन माही."

"खऱ्याले घाई नसते. ही तुही पेटी हाये. किल्ली देल्ली तं खरं पत्र त्याच्या हाती पडन. उद्या पयल्या गाडीनं जा, तिथंच विचार."

तिनं पासवर्ड पाठवला नाही. चंद्रपूरला कारकून म्हणाला, यादी अजून लागलीच नाही, आणि आम्ही पासवर्ड कशाला मागू? आठेक दिवसांनी खरं पत्र त्याच पेटीत आलं. भाऊंनी पत्ता ताडून पाहिला, मग खुर्ची तिच्याकडे सरकवून म्हणाले, "आता वाच. जोरात वाच."

दोन वर्षांनी भाऊ गेले. दहाव्या दिवशी मी त्यांच्या घरी बसलो होतो, तेव्हा फोन वाजला. भाऊंच्या बायकोनं, वहिनींनी उचलला. पलीकडून ती मुलगी भाऊंची तब्येत विचारत होती. तिला काही माहीत नव्हतं.

"आवाजावरून मले काय समजते," वहिनी म्हणाल्या. "ठेव तू. मीच लावतो."

त्यांनी भाऊंच्या अक्षरातली वही उघडली. बोट ठेवून, एकेक आकडा मोठ्यानं म्हणत तिच्या वसतिगृहाचा नंबर फिरवला, मुलीला बोलावून घेतलं.

"हो, तूच होयस," त्या म्हणाल्या. मग भिंतीला पाठ टेकून खाली बसल्या आणि भाऊ गेल्यापासून पहिल्यांदाच, सावकाश, सगळं सांगू लागल्या.