दोन्हीकडच्या गाण्यांना एकच गिटार

आमच्या गावच्या हायस्कुलात एकाच आवारात दोन शाळा भरतात. फाटकातून आत आलं की डावीकडच्या इमारतीत मराठी माध्यम, उजवीकडच्या इमारतीत कन्नड. मधे झेंड्याचा कट्टा आणि पाण्याची टाकी. टाकीच्या नळावर दोन्हीकडची पोरं एकत्रच भांडतात. स्नेहसंमेलन मात्र वेगवेगळ्या दिवशी व्हायचं. मांडव तोच, खुर्च्या त्याच, पण आदल्या दिवशी आम्ही आणि दुसऱ्या दिवशी ते. यंदा ते पहिल्यांदा एकत्र झालं, आणि ते घडवून आणलं आमच्या कन्नडच्या बाईंनी.

आम्ही त्यांना बाई म्हणायचो, पलीकडची मुलं अक्कोर म्हणायची. माझ्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलं नव्हतं. दहावीला कन्नडचा पेपर मला जड जाणार हे ओळखून बाईंनी मला वर्षभर प्रार्थनेच्या आधी बोलावून शिकवलं. आज बेळगावच्या ऑफिसात मी कन्नडमधून फोनवर बोलतो तेव्हा कधीकधी त्यांचाच सूर माझ्या तोंडून येतो. त्यामुळे त्यांचा फोन आला तेव्हा मी काही विचारलंच नाही.

"गिटार वाजवतोस म्हणे. ये मग. दोन्हीकडच्या गाण्यांना तूच वाजवायचं."

पुढचं मला नंतर कळलं. एक मराठी गाणं, एक कन्नड गाणं, असं आळीपाळीनं व्हायचं होतं. संमेलनाच्या कमिटीतल्या काहींचं म्हणणं होतं की वादकही दोन आणा, म्हणजे कुणी कुणाला बोलायला नको. बाई म्हणाल्या होत्या, वादक एकच राहील. काही कमीजास्त झालं तर पुढच्या वर्षी परत दोन दिवस करा, मी त्या विषयावर तोंड उघडणार नाही.

माझ्याकडे अँप, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणारा स्पीकरचा डबा, नाही. जमिनीवर ठेवून पायानं चालवायचं एक डिजिटल मशीन आहे, त्यात निरनिराळ्या अँपचे आवाज साठवलेले असतात. गिटारची वायर त्यात घालायची आणि तिथून थेट साऊंडवाल्याच्या मिक्सरला जायचं. प्रत्येक गाण्याचा आवाज आधी तयार करून ठेवता येतो, त्याला आम्ही पॅच म्हणतो. बेळगावात खासबागेत मी ज्या खोलीत राहतो तिथं भिंतीपलीकडे घरमालक राहतात, म्हणून सगळे पॅच मी इअरफोन लावून, पलंगावर बसून, हलक्या हातानं वाजवत तयार केले. मराठी गाण्यांना मऊ, स्वच्छ आवाज पुरत होता. कन्नड शाळेच्या मुलांनी निवडलेल्या गाण्यांत मधे गिटारचा मोठा तुकडा होता, त्याला लांब टिकणारा, जोरकस आवाज हवा होता.

संमेलन दुपारी चारला सुरू झालं. पश्चिमेचं ऊन सरळ स्टेजवर येत होतं आणि माझ्या मशीनचा छोटा पडदा उन्हात काही दिसत नव्हता. पहिलं मराठी गाणं छान झालं. समोर आमच्याकडचे पालक माना डोलवत होते. बाई पहिल्या रांगेत दोन्ही हेडमास्तरांच्या मधे बसल्या होत्या.

मग कन्नड गाणं. सुरुवात ठीक गेली. माझा तुकडा आला, मी पायानं पॅच बदलला, पहिला सूर छेडला आणि स्पीकरमधून फाटका, चरचरणारा आवाज आला. चुकून आला असेल म्हणून पुढचा सूर वाजवला. तोही तसाच. प्रत्येक सुराचा शेंडा कुणीतरी कातरल्यासारखा. गाणाऱ्या मुलीनं दचकून माझ्याकडे बघितलं. साऊंडवाले अण्णा निपाणीचे, आमच्या भागातल्या जत्रा-लग्नांत मुरलेले. त्यांनी झटकन माझा आवाज खाली ओढला. चरचर तशीच राहिली, फक्त बारीक झाली. उरलेला तुकडा असा गेला की तो कुणाला धड ऐकूही आला नाही.

लगेच मराठी गाणं होतं. अण्णांनी आवाज पुन्हा होता तिथं नेला. आणि ते गाणं इतकं स्वच्छ वाजलं की मला घाम फुटला. गाणं संपल्यावर टाळ्या फक्त डावीकडून, आमच्या पालकांकडून आल्या. उजवीकडे खुर्च्यांत कुजबुज सुरू झाली होती.

कमिटीतले एक काका उठून स्टेजच्या कडेला आले. त्यांची नात कन्नड शाळेत. घरी कन्नड, दुकानात मराठी बोलणारे.

"एन री इदु?" हे काय हो, असं ते मला कन्नडमधून म्हणाले. मग मराठीत, मागच्यांना ऐकू जाईल असं, "मराठी गाण्याला मशीन कसं सरळ चालतंय! आमच्याच गाण्याला बरा खोकला लागला त्याला!"

दोघं-तिघं हसले. ते हसणं चांगलं नव्हतं.

"काका, मुद्दाम न्हाय हो. बघतो मी."

"बघा बघा. न्हायतर आमचं आम्ही बघतो पुढच्या सालाला."

पाहुण्यांचं भाषण आणि बक्षिसं सुरू झाली. त्यानंतर एकच गाणं उरलं होतं, आणि ते कन्नड होतं. मला तेवढाच वेळ होता. अण्णा म्हणाले, "वायर गेली असंल सर, बदलून टाकू." वायर बदलली. पण वायर गेली असती तर मराठी गाण्यातही चरचर आली असती. मी विचारलं, मिक्सरवर माझ्या आवाजाला लाल दिवा लागला होता का? ते म्हणाले, "न्हाय, एकदा बी न्हाय. हिरव्यातच हाय."

मग मशीन उचललं आणि स्टेजमागच्या आठवीच्या वर्गात गेलो. बाकावर ठेवून चालू केलं, इअरफोन लावले. सावलीत पडदा स्पष्ट दिसत होता. मराठी पॅच लावून स्टेजवर वाजवतो तसा जोरात हात मारला. पडद्यावरची आवाजाची पट्टी हिरवी राहिली. कन्नड पॅच लावून तसाच हात मारला. पट्टीच्या टोकाला लाल ठिपका लागला आणि विझेचना.

ह्या मशीनमध्ये आवाजाला एक छत असतं. छताच्या खाली सगळं नीट चालतं. आवाज वर गेला की मशीन वरचा भाग सरळ कापून टाकतं, आणि एकदा कापला की पुढे मिक्सरवर कितीही खाली ओढा, कापलेला भाग परत येत नाही. म्हणून अण्णांनी आवाज कमी केला तेव्हा चरचर गेली नव्हती. ती आतच झालेली होती.

आत का झाली हे पॅच उघडल्यावर समजलं. अँपचा आवाज वाढवलेला. त्याच्यापुढे आवाज चढवणारा आणखी एक भाग जोडलेला. शेवटी पॅचची बाहेर जाणारी पातळीही वर. हे सगळं मीच केलं होतं, वेगवेगळ्या संध्याकाळी, दर वेळी थोडं थोडं, एकाच विचारानं: मराठी माध्यमाचा पोरगा वाजवतोय, कन्नड गाणं जराही कमी पडलं असं कुणी म्हणू नये. मराठी पॅचला मी एकदाही हात लावला नव्हता. पलंगावर बसून हळू वाजवताना ते सगळं छताखाली मावत होतं.

दारात बाई उभ्या होत्या. बाहेर माईकवरून बक्षिसांची नावं ऐकू येत होती.

"काय झालंय रे त्याला?"

मी सांगितलं. वाढवलं म्हणून फाटलं, आता कमी करावं लागेल. "पण बाई, आधीच ते काका बोललेत. आता कन्नड गाण्याचाच आवाज कमी केला आणि बारीक आला तर?"

त्यांनी एक इअरफोन माझ्या कानातला काढून स्वतःच्या कानात घातला. "वाजव. आधी मराठीचं, मग कन्नडचं. मी डोळे मिटते."

जोडलेला भाग मी बंद केला. अँप खाली आणला, बाहेरची पातळी खाली आणली, लाल ठिपका गेला. दोन्ही वाजवून दाखवले. पडद्यावर कन्नड पॅचची पट्टी मराठीपेक्षा बरीच खाली दिसत होती. ते बघून माझं बोट पातळी परत वर सरकवू लागलं.

"थांब. काय करतोस?"

"खाली दिसतंय बाई."

"दिसू दे की. माझ्या कानाला दोन्ही सारखेच आहेत. उलट हेच भरीव आहे." त्यांनी डोळे उघडले. "लोकांना काय तुझी पट्टी दिसणार आहे? लोक काय म्हणतील ते मी बघते. तू फक्त त्याला फाटू देऊ नको."

खरंच, टिकून राहणारा आवाज कानाला मोठा वाटतो आणि पट्टीवर कमी दिसतो. मऊ गिटारचा एकेक ठोका मात्र पट्टी उंच उडवतो. हे मी वाचलेलं होतं. पण वाचलेल्यावर त्या क्षणी विश्वास ठेवायला मला धीर होत नव्हता. बाईंसमोर पॅच साठवला, म्हणजे परत हात लावायला नको.

अण्णांना सांगितलं, ह्या गाण्यात माझा आवाज कुठंही ओढायचा नाही.

"आणि परत फाटला तर?"

"तरी बी नको."

"बघा हां सर. शिव्या मला बसत्यात." त्यांनी मिक्सरवरचा हात काढला आणि हाताची घडी घातली.

गाणं सुरू झालं. उजवीकडचे काका बसलेच नव्हते, खांबाला टेकून उभे होते. मुलीनं पहिलं कडवं म्हटलं, दुसरं म्हटलं. माझा तुकडा जवळ येत होता आणि माझा उजवा हात आपोआप हलका पडू लागला होता. तसं वाजवलं असतं तर गाणं खरंच बारीक गेलं असतं. मी पाय दाबला आणि मघासारखाच पूर्ण हात मारला.

सूर बाहेर आला. अख्खा आला. मांडवाच्या मागच्या कनातीपर्यंत गेला आणि तिथंच थोडा वेळ राहिला. दुसरा, तिसरा. चौथ्या सुरापाशी अण्णांची हाताची घडी सुटली. मुलगी माझ्याकडे न बघता गात होती. तुकडा संपला तेव्हा गिटारसाठी कुणीही टाळी वाजवली नाही. मला तेच हवं होतं. टाळ्या गाणं संपल्यावर आल्या, मुलीसाठी, आणि ह्या वेळी त्या एका बाजूच्या नव्हत्या.

आभार झाले, खुर्च्या उचलायला सुरुवात झाली. मी वायरी गुंडाळत होतो. स्टेजच्या पायऱ्यांपाशी काका आणि दोन्ही हेडमास्तर उभे होते, आणि काका पुन्हा तक्रार करत होते.

"बायकामाणसं उनात बसली हो आज. पुढच्या सालाला मांडव मोठा घाला. दोन्हीकडची माणसं यायची म्हंजे ह्या मापात कसं भागंल?"

मराठीच्या हेडमास्तरांनी होकार दिला. कन्नडचे हेडमास्तर म्हणाले, "आतु, आतु. ठरलं." बाई त्यांच्या शेजारीच होत्या. वेगळ्या दोन दिवसांचं नाव आता कुणीच काढलं नाही, त्यांनीही नाही.

मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आवर लवकर. जेवूनच जायचंय तुला."