रेजिना मॅडमचा ग्रुप फोटो

"एक मिनिट थांबा," रेजिना मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी डोक्यावरचा स्कार्फ सोडून मांडीवर ठेवला.

मी कॅमेऱ्यामागे होतो. समोर दहावी अ ची सेहेचाळीस मुलं, चार रांगांत. पुढच्या रांगेत मधल्या खुर्चीवर प्रिन्सिपल, म्हणजे रेजिना मॅडम. किमोने त्यांचे सगळे केस गेले होते. मुलं जागची हलली नाहीत. त्यांनी वर्गात ते डोकं आधीच पाहिलं होतं. हललो मी. पहिला फोटो बिघडला. दुसरा चांगला आला.

मॅडम भाईंदरजवळच्या उत्तन गावच्या. कोणी दोन दिवस शाळेत आलं नाही की तिसऱ्या दिवशी संध्याकाळी त्या त्याच्या बिल्डिंगखाली हजर. स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, तरी दोन किमोंच्या मधल्या दिवसांत त्या शाळेत येत होत्या.

माझा फोटो स्टुडिओ भाईंदर ईस्टला, इंद्रलोकजवळ. शाळेचं सगळं काम माझ्याकडे. त्याच दुपारी संस्थेच्या सेक्रेटरींचा फोन आला.

"मॅडम का फोटो ऐसा नहीं जाएगा. घर-घर में लगता है ये. पिछले साल का है ना तुम्हारे पास? वो लगा दो."

"हो सर," मी म्हणालो. मॅडमना विचारलंय का, एवढंही मी विचारलं नाही. शाळेचं काम हातचं जाईल, ही भीती होतीच.

रीटचिंग म्हणजे साधारण मुरूम, डाग काढणं. हे त्याच्या पुढचं होतं. गेल्या वर्षीच्या फोटोतलं केसांसकट डोकं कापून यंदाच्या मानेवर बसवायचं, उजेड जुळवायचा. दीड तास लागला. छान जमलं. खरं सांगतो, मला माझ्याच हाताचं कौतुक वाटलं.

मग मी ती फाइल त्याच नावाने सेव्ह केली. म्हणजे जुनी गेली, तिच्या जागी नवी आली. दुसऱ्या दिवशी साखरपुड्याचं काम होतं, म्हणून कॅमेऱ्यातलं कार्डही फॉरमॅट केलं. फॉरमॅट म्हणजे पाटी पुसणं. रोलच्या जमान्यात काहीही केलं तरी निगेटिव्ह पाकिटात राहायची. डिजिटल मला नवीन होतं. पण हे कारण झालं, सबब नाही.

प्रिंट शाळेत पोचल्या. तिसऱ्या दिवशी मॅडम रिक्षाने स्टुडिओत आल्या. काउंटरवर फोटो ठेवला.

"ही कोण?"

"मॅडम, सेक्रेटरी सरांनी सांगितलं..."

"मी सांगितलेलं न्हाय." चिडल्या की त्यांच्या तोंडात गावचं 'न्हाय' यायचं. "शाळेचा नंबर तुमच्याकडे आहे. मला एक फोन नाही करता आला?"

मी स्टूल पुढे सरकवलं.

त्या स्टुलावर बसल्या. दम लागला होता. मग सावकाश म्हणाल्या, "वर्गातल्या एका मुलीच्या आईने गाठ वर्षभर लपवली. लाजेनं. मला बघून ती मुलगी घरी आईशी बोलली, म्हणून आई डॉक्टरकडे गेली. म्हणून मी वर्गाला सांगितलं, फोटोत मी अशीच बसणार. घरी भिंतीवर लावा. कोणी विचारलं तर सांगा, लपवायचं नसतं. काल तीच मुलगी मला विचारत होती, मॅडम, शेवटी तुम्हालाही लाज वाटली का?"

सेहेचाळीस मुलांना तेच वाटलं असणार.

"ओरिजिनल द्या. मी परत वाटते."

"कार्ड करप्ट झालं, मॅडम," मी म्हणालो. करप्ट म्हणजे आपोआप बिघडलेलं. आपोआप काही बिघडलं नव्हतं. पण वीस वर्षं धंद्यात असलेल्या माणसाने ओरिजिनल स्वतःच पुसलं, हे सांगायला जीभ वळेना.

"असू दे. मशीन आहे," त्या म्हणाल्या. माझी समजूत घालत होत्या. "मुलं तर आजपासून अभ्यासाच्या सुट्टीवर गेली. मग माझा एकटीचा काढा."

पासपोर्ट फोटोच्या स्टुलावर, स्कार्फ काढून, त्या सरळ कॅमेऱ्यात बघत बसल्या. त्याच्या सेहेचाळीस प्रती मुलं हॉल तिकीट घ्यायला आली तेव्हा मॅडमनी एकेकाच्या हातात दिल्या. सेक्रेटरींनी मला चार शब्द सुनावले. काम गेलं नाही.

पुढे त्या फोटोचं पोस्टर झालं. मॅडम ते घेऊन सिल्व्हर पार्क, नया नगर, उत्तन, सगळीकडे जायच्या. सोसायटीच्या हॉलमध्ये बायकांना जमवायच्या, गाठ कशी तपासायची ते दाखवायच्या, कोणी घाबरलं तर स्वतः सोबत हॉस्पिटलला जायच्या. दोनदा मला फोटो काढायला बोलावलं. दोन्हीदा सगळ्यांसमोर म्हणाल्या, "हे पोस्टर यांनी केलं." बायकांनी टाळ्या वाजवल्या. मी मान खाली घालून लेन्स पुसत राहिलो. तेव्हा सांगायला हवं होतं. दोन्ही वेळा नुसता घरी आलो.

आजार परत आला आणि मॅडम गेल्या.

शाळेतल्या शोकसभेनंतर एक मुलगी माझ्याजवळ आली. त्याच वर्गातली, आता कॉलेजात. "काका, मॅडम म्हणाल्या होत्या, कार्ड बिघडलं. बिघडलेल्या कार्डातून आता फोटो परत काढता येतात म्हणे. आमचा ग्रुप फोटो निघेल का? वर्गातल्या सगळ्यांना हवाय."

मी तिला खरं सांगितलं. कार्ड बिघडलं नव्हतं, मी पुसलं होतं आणि त्यावर दुसरं काम काढलं होतं.

"मॅडमना माहीत होतं?"

"नाही."

ती मैत्रिणींकडे निघून गेली.

आता मी ओरिजिनल फाइलला हात लावत नाही. आणि ऑर्डर कोणाचीही असो, चेहऱ्यात काही बदलायचं असलं तर ज्याचा चेहरा त्याला आधी फोन करतो. दोन मिनिटांचं काम असतं.