भागरताच्या नावाचा पेपर

गुरुवारी दुपारी मी आणि माझी बायको भागरता प्रेसमध्ये बसून अंकाच्या घड्या घालत होतो. दोघांनी मिळून केलेलं तेच शेवटचं काम. संध्याकाळी तिला हैजा झाला. शुक्रवारी सकाळी गेली.

गोंदियातलं ते साप्ताहिक कायद्यानं तिच्या नावावर होतं. चालवायचे मास्तर. पण ते शाळेत नोकरीला, त्यांचं नाव चालत नव्हतं. मी कंपोझिटर, म्हणजे शिशाचे खिळे जुळवून मजकूर उभा करणारा. माझं नाव लावा म्हटलं तर मास्तर म्हणाले, "खटला होऊन तू जेलात गेलास तर अंक कोण छापेल?"

भागरता म्हणाली, "मंग माहं लावा. जेलात दोन टैम भात तं भेटते."

मालक म्हणून मॅजिस्ट्रेटपुढं लिहून द्यावं लागते. त्याले डिक्लेरेशन म्हणतात. ते तिनं दिलं.

घाटावरून परतलो तर दारात बिडी कारखान्याचे शेठ. चांगल्या बिड्याही छाट म्हणून काढतात, मजुरी मारतात, असं आम्ही त्यांच्यावर छापायचो.

"बडा दुख हुआ, भाऊ. मालकीण गेली, पेपर बंद. उद्या मी माझ्या नावानं डिक्लेरेशन देतो. तू मशीनवरच राह्य."

"काऊन? मी मेलो काय?"

"दहा दिवस सुतक आहे तुला. कचेरीत कैसा जाएगा?"

शेठ गेले. मास्तर हळूच म्हणाले, "तो आधी पोचला तर पेपर त्याचा."

दवनीवाड्याहून आलेला सासरा कोपऱ्यातून बोलला, "जवाई, सुतकात कचेरीत गेले तं पिंडाले आमच्यातला कोनी येनार नाही."



दुसऱ्या दिवशी सकाळी कचेरी उघडायच्या आधी पायरीवर जाऊन बसलो. अंगावर सुतकाचा पंचा. कारकून ओरडला, "अबे, दूर उभा राह्य!"

"दुरून सही होते काय, बाबूजी?"

मॅजिस्ट्रेटनं वर पाहिलं. "मालक कोण?"

"मी."

सही करून उतरलो तेव्हा शेठचा टांगा फाटकात शिरून राहिला होता.

पेपर कोणाचा, हे शेवटच्या पानाच्या तळाशी बारीक टायपात असते. बाकी साऱ्या बाता. ती ओळ दर अंकाला तीच, म्हणून कोणी मोडत नाही, बांधून ठेवतात. कचेरीतून मी सरळ प्रेसमध्ये गेलो. ओळीची सुतळी सोडली. तिच्या नावाचं एकेक अक्षर ज्याच्या त्याच्या खणात टाकलं आणि माझं नाव जुळवलं.