दुधी काचेची खरबरीत बाजू

आमच्या मालकांना लकवा मारून वर्ष होत आलं. उजवं अंग गेलं आणि बोलणंही गेलं. आष्टीत आमचा फोटोचा स्टुडिओ आहे. पुढं दुकान, मागं आम्ही राहतो. सासऱ्यांच्या वेळचा मोठा लाकडी कॅमेरा अजून तिथं उभा आहे, पण त्यावर आता कोणी फोटो काढून घेत नाही.

एका बाजारच्या दिवशी जवळच्या खेड्यातली एक म्हातारी लेकाचा हात धरून आली. तिला भिंतीवरचा फोटो हवा होता. म्हणजे ती गेल्यावर हार घालायचा.

"ह्याच डब्यात माझ्या लग्नाचा फोटू काढल्ता तुझ्या सासऱ्यानं," ती म्हणाली. "मोबाईलमधी मी बिलकुल माझ्या सासूवानी दिसते. तिला जल्मभर झेललं, आता माझ्या हाराखाली बी तीच का?"

लेक हसला. "आई, अजून लई टाइम हाय तुला."

"मंग तू बस हाराखाली."

मला परक्या माणसापुढं बोलता येत नाही. एकच फिल्म उरली आहे हेसुद्धा मी सांगितलं नाही, नुसती मान हलवली. बाजार करून येतो म्हणून दोघं गेली.

कॅमेऱ्याच्या मागच्या चौकटीत एक दुधी काच असते. डोक्यावर काळं फडकं घेऊन तिच्यावर माणूस बघायचा. तो उलटा दिसतो. नाकडोळे स्वच्छ उमटेपर्यंत कॅमेऱ्याचा घड्यांचा भाता मागंपुढं करायचा आणि मग फिल्म सरकवायची. त्या काचेवर वर्षाची धूळ आणि चुलीचा धूर बसला होता. मालक दर दिवाळीला ती काढून शाम्पूच्या पाण्यानं धुवायचे. मी जवळ उभी राहून स्क्रू पदरात धरायची. काचेची कुठली बाजू कुठं येते, तिकडं मात्र मी कधी लक्ष दिलं नव्हतं.

मी ती धुतली, सुती कपड्यावर वाळवली. एक बाजू गुळगुळीत, एक खरबरीत. खरबरीत बाजूवर मालकांनी पेन्सिलीच्या रेघा मारलेल्या, डोकं कुठवर यावं त्याच्या. रेघा बघायच्या तर त्या आपल्याकडंच असणार, असं समजून मी ती बाजू माझ्याकडं केली आणि स्क्रू आवळले.

मधलं दार उघडं होतं. मालक खाटेवरून बघत होते. "आ, आ" करू लागले. डावा तळहात पालथा करत, उताणा करत. मला वाटलं, कूस बदलायची आहे. जाऊन मी त्यांना भिंतीकडं वळवून दिलं. तरी आवाज चालूच होता. एवढ्यात ती दोघं आली.

म्हातारी पडद्यापुढं ताठ बसली. पदर सारखा केला, नाकातली मोरणी पुसली. काचेवर मला मोरणीचा खडासुद्धा दिसला, तेव्हाच मी फिल्म सरकवली आणि फोटो काढला.

संध्याकाळी फिल्म धुतली. मागच्या पडद्यावरची फुलं पाकळी पाकळी स्पष्ट आली होती. चेहरा नुसता धुरकट. मी ती ओली फिल्म मालकांपुढं धरली. त्यांनी बघितलं. खाटेवर ताटली होती, ती डाव्या हातानं उचलून पालथी घातली आणि माझ्याकडं बघत राहिले.

काच उलटी बसली होती; चित्र उमटतं ती खरबरीत बाजू आत, भिंगाकडं हवी होती. काचेच्या जाडीएवढा फरक, आणि बाई हरवली. मी तिथंच स्क्रू काढले आणि काच सुलटी बसवली. फिल्म तर उरली नव्हती. मालकांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, डाव्या हातानं ते पुसायचंही त्यांना सुचेना. मी पुसलं.

फोटो बिघडला, हे वाक्य मी आठ दिवस पाठ केलं होतं, पण पुढच्या बाजारी ती दोघं आली तेव्हा सांगितलं नाही. छापलेल्या फोटोचं पाकीट मी लेकाच्या हातात दिलं. त्यानं फोटो बाहेर काढला, बराच वेळ बघितला, मग माझ्याकडं बघितलं. माझी मान खाली.

"आण इकडं," म्हातारीनं फोटो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला. तिचे दोन्ही डोळे मोतीबिंदूनं पांढरे झाले होते. "फुलं झकास आलीत. मोरणी दिसती का रे?"

लेक फोटोवर वाकला.

"दिसती का न्हाई?"

"दिसती, आई," तो म्हणाला.

तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला. "लई गुणाची हायेस पोरी," म्हणाली, आणि फोटो पदराखाली धरून पायरी उतरली.