मालक पोष्य झाले

नोकरी सोडून स्वतःचा धंदा काढल्यावर मी आधी काय केलं असेल, तर व्हिजिटिंग कार्डं छापून घेतली. नावाखाली हुद्दा ‘दाइह्यो’. म्हणजे प्रमुख प्रतिनिधी. कुणाचे, हे कुणी विचारत नाही. तिकडे पुण्यात सासूबाईंनी सोसायटीभर सांगून टाकलं, “आमचे जावई आता जपानात मालक झाले.”

मालकाला लगेच वॉर्ड ऑफिसात टोकन घेऊन बसावं लागलं. कंपनीचा आरोग्य विमा नोकरीबरोबर संपला होता आणि चौदा दिवसांत सरकारी विम्यात नाव घालायचं होतं. खिडकीतल्या बाईंनी हप्त्याचा अंदाज काढून कागद दोन्ही हातांनी पुढे केला. मला वाटलं, एक शून्य चुकून जास्त पडलंय.

“पूर्वी एवढा नव्हता,” मी म्हणालो.

“पूर्वी अर्धा वाटा मालक भरायचे.”

“मालक आता मीच आहे.”

“हो का? अभिनंदन!” बाई अगदी मनापासून म्हणाल्या. हप्ता तेवढाच राहिला. शिवाय हिशोब गेल्या वर्षीच्या पगारावर. गेल्या वर्षीचा मी बऱ्यापैकी सुखवस्तू गृहस्थ होतो. त्याचा थाट यंदाच्या मला परवडणारा नव्हता. हा हप्ता भरला तर साठवलेल्या पैशांवर धंदा वर्षभर तग धरेल, ही आशा सोडावी लागणार होती.

बायको नोकरी करते. ती म्हणाली, “अरे, मग माझ्या विम्यात ये की. फुयो म्हणून. एक येनही जास्त पडत नाही.”

फुयो म्हणजे पोष्य, कमावत्या माणसाने पोसायचं माणूस. आठ वर्षांची लेक जपानीत ओरडली, “बाबापण? माझ्यासारखाच?”

फॉर्म तीन दिवस टेबलावर पडून होता. त्यात एकच रकाना अवघड होता: येत्या वर्षाचं अपेक्षित उत्पन्न. ते ठरलेल्या मर्यादेच्या आत असेल तरच पोष्य होता येतं. म्हणजे हप्ता वाचवायचा, तर धंदा चालणार नाही असं स्वतःच्या हाताने लिहून द्यायचं. माझी गिऱ्हाइकं तेव्हा दोन. त्यातला एक मित्र.

“जरा वाढवून लिहू का? बरं दिसेल,” मी बायकोला विचारलं.

“वाढवून लिहायला कार्ड आहे ना तुझं. इथे खरं लिही.”

खरं लिहिलं. मर्यादेच्या खाली भरपूर जागा उरली.

आठवड्याने तिच्या ऑफिसातून फोन आला. तिने मुद्दाम स्पीकर लावला. पलीकडची बाई अतिशय अदबीने म्हणाली, “आपले गोशुजिन आपले फुयो म्हणून नोंदवले गेले आहेत.”

जपानीत दुसऱ्या बाईच्या नवऱ्याला आदराने गोशुजिन म्हणतात. शब्दशः अर्थ, मालक.

रविवारी सासूबाईंचा व्हिडिओ कॉल आला. “काय गं, मालक काय म्हणतायत?”

“मजेत आहेत,” बायको म्हणाली. “सांभाळतेय मी.”